फुलांच्या घड्याळाची सात मिनिटे

मी एक जुने घड्याळ आहे. पण मित्रांनो, मला शोधायला मान वर करू नका. मी कुठल्या भिंतीवर टांगलेले नाही की कुणाच्या मनगटावर बांधलेले नाही. मी जमिनीवर आहे. उज्जैनच्या कमळबागेत फाटकातून आत आलात की उजव्या हाताला मातीचा एक उतरता गोल चौथरा दिसतो, तोच मी. माझी तबकडी हिरवळीची होती, आकडे लाल पानांच्या झुडपांचे होते आणि कडेने झेंडू फुलत असे. माझा मोठा काटा साडेसहा फूट लांब होता. लोक मला फुलांचे घड्याळ म्हणत, आणि बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला मुद्दाम मला दाखवायला आणत.

दिसायला मी असे ऐसपैस असले, तरी स्वभावाने फार भित्रे आहे. घड्याळाच्या जातीला एकच धास्ती असते, आपण चुकीची वेळ तर दाखवत नाही ना! घरातले घड्याळ चुकले तर एका घराची फजिती होते. मी तर रस्त्यावरून दिसणारे. देवास गेटला बस पकडायला निघालेली माणसे, फ्रीगंजमधल्या बँकांचे बाबू, शाळेतून मुलांना आणायला निघालेल्या आया, सगळे जाता जाता माझ्याकडे एक नजर टाकत आणि पावले झपाझप नाहीतर सावकाश टाकायला लागत. एक मिनिट इकडचे तिकडे झाले तरी त्या सगळ्यांची पावले चुकत. शिवाय मला घंटा नाही. चुकले तर ओरडून सांगायचीही सोय नाही.

माझा जन्म एकोणीसशे एक्याण्णवच्या हिवाळ्यात झाला. पुढच्या वर्षी सिंहस्थ होता. देशभरातून माणसे येणार, तेव्हा बागेत काहीतरी बघण्यासारखे हवे, असे बागेच्या समितीने ठरवले आणि माझे यंत्र बाहेरून मागवले. माझ्या पोटाखाली एक छोटे तळघर खणले. त्याला तीन पायऱ्या आणि एक लोखंडी दार. आत विजेवर चालणारे यंत्र, त्याच्या अंगावर बशीएवढी तबकडी आणि काटे फिरवायला एक चक्र. खाली चक्र फिरवले की वर माझे काटे फिरत. सिंहस्थात माझा थाट काय वर्णावा! माणसे माझ्यासमोर उभी राहून फोटो काढून घेत. खेड्यावरून आलेल्या एका आजीबाईंनी तर मला हळदकुंकू वाहिले आणि तीन प्रदक्षिणा घातल्या. मी संकोचून गेले, पण काटे जराही अडखळू दिले नाहीत.

मला सांभाळायचे काम श्रीपादरावांकडे आले. हे बागेचे मुख्य माळी. ही बाग पूर्वी संस्थानची होती आणि श्रीपादरावांचे आजोबा शिंदे सरकारच्या चाकरीत इथे आले होते. बागेच्या मधोमध दगडाचे एक उन्हाचे घड्याळ आहे. गोल दगडावर रेघा कोरलेल्या आणि मध्ये एक तिरपी पट्टी. पट्टीची सावली ज्या रेघेवर पडेल ती वेळ. ते घड्याळ आजोबांनी सांभाळले, मग वडिलांनी, मग श्रीपादरावांनी. तीन पिढ्या त्या सावलीकडे बघण्यात गेल्या. श्रीपादरावांनी जन्मात कधी मनगटावर घड्याळ बांधले नाही आणि कुणाला ‘किती वाजले’ असेही विचारले नाही. विचारायची पाळीच आली नाही, असे ते सगळ्यांना सांगत, आणि सांगताना त्यांची मान जरा ताठ होई.

आता तुम्हाला एक गंमत सांगते. उज्जैनचा सूर्य आणि रेल्वेचे घड्याळ यांचे कधीच जमत नाही. आपल्या इथला सूर्य देशाच्या वेळेपेक्षा मागे असतो, आणि किती मागे असतो तेही रोज थोडे थोडे बदलते. म्हणून सावली बघायची आणि त्यात त्या दिवसाची मिनिटे मिळवायची. फेब्रुवारीच्या मध्यावर एकेचाळीस मिळवावी लागतात, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला अवघी अकरा. बाराही महिन्यांचा असा एक तक्ता श्रीपादरावांच्या वडिलांनी करून ठेवला होता. तो माझ्या तळघरात दाराच्या आतल्या बाजूला लावलेला असे. लावलेला आपला नावापुरता. श्रीपादरावांना तो तोंडपाठ होता.

आपल्याकडे दिवसाआड बत्ती गुल व्हायची. वीज गेली की मी जागच्या जागी थांबे आणि काळजीने अर्धे होई. वीज आली की श्रीपादराव आधी दगडी घड्याळाकडे जात, सावली बघत, मिनिटे मिळवत आणि मग तळघरात उतरून चक्र फिरवत. पावसाळ्यात तर ढगांच्या फटीतून ऊन पडायची वाट बघत ते तासन्‌तास छत्री घेऊन उभे राहत. फाटकावर तिकिटे देणारा विनायक त्यांना चिडवायचा. एकदा तो म्हणाला, “काका, रेडिओ लावा ना. दोन सेकंदाचं काम आहे, कशाला एवढी मगजमारी?”

“रेडिओवाले कुणाकडं बघून टाइम सांगतात?” श्रीपादराव म्हणाले. “शेवटी वर सूर्याकडंच ना? मग मधे दलाल कशाला?”

विनायक हसला, पण मला ते पटले. माझी वेळ थेट सूर्याकडून यायची. या गोष्टीचा मला फार आधार वाटत असे. टॉवर चौकात मनोऱ्यावर बसलेल्या माझ्या थोरल्या भावंडाचाही मला मग हेवा वाटेनासा झाला.

रोज दुपारी एक वाजता श्रीपादरावांच्या पत्नी शैलाबाई डबा घेऊन येत. शैलाबाई बालवाडीत शिकवत आणि सुटल्यावर तशाच बागेत येत. मनगटावर बारीकसे घड्याळ, हातात तीन खणांचा डबा. श्रीपादराव बकुळीखाली सतरंजीवर बसून जेवत आणि शैलाबाई माझ्या तळघरातल्या माठातून पाणी आणायला उतरत. दोघांचे बोलणे बेताचेच. भाजीत मीठ किती, आज कोण आले होते, कढीपत्त्याच्या रोपाला पाणी घातले का, एवढेच. मला तो दिवसातला सगळ्यात सुखाचा तास वाटे.

त्र्याण्णवच्या दसऱ्यानंतर मात्र या सुखाला तडा गेला. एके दिवशी सकाळी दहाला वीज आली. श्रीपादराव दगडाकडे गेले, नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकून उभे राहिले, डोळे चोळले आणि मग येऊन चक्र फिरवले. मी चालू लागले, पण समोरच्या रस्त्यावरची माणसे मनगटाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघू लागली. मी सात मिनिटे मागे होते.

दुपारी शैलाबाई आल्या. त्यांनी लांबूनच माझ्याकडे पाहिले, मनगटाकडे पाहिले आणि डबा उघडून दिला. मग पाणी आणायला म्हणून तळघरात उतरल्या. पदराने कपाळ पुसले, एकदा दाराकडे बघून घेतले आणि हळूच चक्र सात मिनिटे पुढे फिरवले. वर श्रीपादराव माझ्याकडे पाठ करून वरणभात कालवत होते. त्यांना काही कळले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी श्रीपादरावांनी सावली बघितली, मला बघितले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांच्या हिशेबाने मी रातोरात सात मिनिटे पळाले होते. त्यांनी मला मागे ओढले. दुपारी शैलाबाईंनी पुढे ढकलले. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग हा रोजचाच परिपाठ झाला. दहा वाजता मी मागे, एक वाजता पुढे. “हे मशीनच बदमाश आहे, रोज सात मिनिटं पळतं,” असे म्हणून श्रीपादराव मला तेल घालत, माझे दाते घासत आणि कधी चिडून यंत्रावर थाप मारत. ज्या माणसाने मला मुलासारखे जपले त्याच्या तोंडून बदमाश ऐकताना मला किती वाईट वाटले असेल, विचार करा.

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. सावलीची कड त्यांना धूसर दिसे, म्हणून ते नेहमी अलीकडची रेघ धरत. शैलाबाईंना हे केव्हाच कळले होते. मग त्या स्पष्ट का बोलत नव्हत्या? त्यालाही कारण होते. श्रीपादरावांच्या वडिलांची नजर म्हातारपणी गेली होती आणि त्यांना बागेतून घरी बसवले गेले होते. त्यानंतर ते वर्षभरही जगले नाहीत. श्रीपादराव एकदा जेवता जेवता म्हणाले होते की, ज्या दिवशी मला सावली दिसणार नाही त्या दिवसापासून मी बागेत पाऊल टाकणार नाही. शैलाबाईंचा घास तेव्हा हातातच राहिला होता. त्या दिवसापासून त्यांनी हे गुपित पदराखाली धरले, आणि त्या ओझ्याखाली मी रोज दबत होते.

कारण मित्रांनो, सकाळी दहा ते दुपारी एक मी रोज खोटे बोलत होते. लोकांच्या बस चुकू लागल्या. बँकेतल्या एका बाबूंना साहेबाची बोलणी खावी लागली. कुणी म्हणे हे घड्याळ मागे आहे, कुणी म्हणे छे, मी दुपारी बघितले, अगदी बरोबर होते. शेवटी समितीकडे तक्रारअर्ज गेला.

नेमक्या त्याच दिवसांत इंदूरहून एका कंपनीचा माणूस बागेत येऊ लागला. त्याचे नाव अभिजीत. तरतरीत, गळ्यात टाय, तोंडात सतत नव्या जमान्याची भाषा. तेव्हा गावात घराघरात केबल आली होती, चौकाचौकात शीतपेयांचे रंगीत फलक लागले होते, आणि साबणाच्या वडीबरोबरही प्लास्टिकचे घड्याळ फुकट मिळत होते. अभिजीतच्या कंपनीला बागेत गाण्याच्या तालावर नाचणारे कारंजे बसवायचे होते, आणि त्यावर लाल आकड्यांचे विजेचे घड्याळ. सगळा खर्च कंपनीचा, फक्त नाव तेवढे कंपनीचे लिहायचे. त्याने पायांनी जागा मोजली. मोजत मोजत तो माझ्या हिरवळीच्या मधोमध येऊन उभा राहिला, बुटांसकट. त्याला हीच जागा हवी होती.

समितीच्या अध्यक्ष माई होत्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षे मुख्याध्यापिका होत्या, आणि निवृत्त झाल्या तरी सगळे गाव त्यांच्यासमोर वर्गात बसल्यासारखे बसे. माईंनी निकाल दिला तो असा. फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी दुपारी बारा वाजता समिती बागेत येईल. आकाशवाणीच्या वेळेशी फुलांचे घड्याळ ताडून बघेल. बरोबर असेल तर घड्याळ राहील आणि कारंज्याला दुसरी जागा बघू. चूक असेल तर चौथरा खणून काढायचा. हे ऐकून श्रीपादराव एवढेच म्हणाले की, ठीक आहे. तळघरात आल्यावर मात्र ते माझ्या यंत्राला टेकून बराच वेळ उभे राहिले.

मला तेव्हापासून चैन पडेना. माझे जे व्हायचे ते होवो, पण मी गेले की श्रीपादरावांना या बागेत काय उरणार होते?

परीक्षेला तीन दिवस राहिले तेव्हा श्रीपादरावांनी एक विलक्षण काम केले. दुपारी बाग रिकामी असताना ते चुन्याची बादली घेऊन दगडी घड्याळाकडे गेले. सगळा दगड त्यांनी पांढरा केला. वाळल्यावर खिशातून एक डबी काढली, गुडघ्यांवर बसले आणि नाक दगडाला टेकेल इतके वाकून काडीने एकेक रेघ काळी करत गेले. सगळ्या रेघा पुऱ्या व्हायला शनिवारची संध्याकाळ झाली. तेव्हा माझ्या लक्षात आले की त्यांना स्वतःलाही ठाऊक आहे. आपली नजर गेली हे ते कधीपासून जाणून होते आणि तेही कुणाजवळ बोलले नव्हते. म्हणजे दोघे एकच गोष्ट एकमेकांपासून लपवत होते, आणि दोन्ही बाजू माहीत असलेले मी तेवढे एकटे होते.

शनिवारी जेवायच्या वेळी शैलाबाई सहज म्हणाल्या की घरातली काजळाची डबी तीन दिवस झाले सापडत नाही, उंदराने नेली की काय कोण जाणे. श्रीपादरावांनी ताकाचा पेला तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

रविवार उजाडला. आभाळ स्वच्छ होते. सकाळी वीज गेली आणि दहाला आली. श्रीपादराव दगडाजवळ गेले. पांढऱ्या दगडावर काळ्या रेघा, आणि त्यावर सावलीची ठसठशीत कड. त्यांनी बघितले, पुन्हा बघितले, एकेचाळीस मिनिटे मिळवली आणि येऊन चक्र फिरवले. मित्रांनो, कितीतरी महिन्यांनी सकाळच्या वेळी मी बरोबर होते. अगदी मिनिटाला मिनिट. मला वाटले, आता काटे असेच धरून ठेवायचे, दोन तासांचाच तर प्रश्न आहे.

साडेअकराला शैलाबाई आल्या. त्या पहाटे उठून चिंतामण गणपतीला जाऊन आल्या होत्या. त्या गडबडीत, कणीक मळताना काढून ठेवलेले मनगटी घड्याळ घरीच राहिले होते. हे त्यांच्या लक्षात आले ते माझ्यासमोर आल्यावर. त्यांनी रिकाम्या मनगटाकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. श्रीपादराव फाटकाशी माईंची वाट बघत उभे होते. कुणाला वेळ विचारावी तर समोर एवढे घड्याळ असताना कशाला विचारता, असे कुणीतरी म्हणणार. त्या तळघरात उतरल्या. माठाजवळ क्षणभर थांबल्या. मग स्वतःशीच पुटपुटल्या, “रोज सात मिनिटं मागं असतं. आजही असेलच.”

नका हो, नका करू, असे मला ओरडावेसे वाटले. शैलाबाई, आज नका. पण मला घंटा नाही हे मी तुम्हाला आधीच सांगितले आहे. त्यांनी चक्र सात मिनिटे पुढे फिरवले, डोळे मिटून देवाचे नाव घेतले आणि पायऱ्या चढून वर गेल्या. सगळ्या आयुष्यात इतके असहाय मी कधी झाले नव्हते.

समिती आली. माई काठी टेकत पुढे, मागे चारपाच मंडळी, अभिजीत, आणि हातात ट्रान्झिस्टर धरलेला विनायक. सगळे माझ्यासमोर अर्धवर्तुळात उभे राहिले. गाणे संपले. मग आकाशवाणीचे वेळेचे ठोके वाजू लागले. एक, दोन, तीन. शेवटचा लांब ठोका वाजला तेव्हा माझा मोठा काटा बारावर नव्हता. तो झेंडूच्या एका तांबूस फुलावर होता, बारा वाजून सात मिनिटांवर.

“माईसाहेब, सात मिनट आगे,” अभिजीत म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद होता, पण तो त्याने शहाण्यासारखा दाबला.

श्रीपादराव दगडी घड्याळाकडे वळले, तिथे जायला दोन पावले टाकली आणि थांबले. मग परत येऊन माईंसमोर हात जोडले. “माई, मशीनची काही गलती नाही,” ते म्हणाले. “माझी नजर गेलीय. दसऱ्यापासनं सावलीची कड नीट दिसत नाही मला. रोज मशीनला बदमाश म्हणत होतो, पण आतून कळत होतं. आज खूप कोशिश केली. नाही जमलं.”

श्रीपादरावांनी कमरेची तळघराची किल्ली सोडली आणि माझ्या कठड्यावर ठेवली. ते फाटकाकडे निघाले असते, आणि परत कधी आले नसते. तेवढ्यात शैलाबाई पुढे झाल्या. चारचौघांत नवऱ्याच्या शब्दावर कधी शब्द न बोललेली ती बाई.

“नाही माई,” त्या म्हणाल्या. “आज यांनी घड्याळ नाही चुकवलं. मी पुढं केलं.”

माईंनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले आणि किती, असे विचारले.

“सात मिनिटं.”

“आज?” हे श्रीपादरावांनी विचारले.

शैलाबाईंनी मान खाली घातली. “रोज,” त्या म्हणाल्या. “तुम्ही जेवायला बसलात की. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बागेत येणं सोडलं असतं. मग मी डबा कुठं आणला असता?”

श्रीपादरावांनी डोळे पुसायला हात वर केला तेव्हा त्यांच्या बोटांच्या टोकांवरचा काळा रंग शैलाबाईंना दिसला. चुन्याने पांढरा केलेला दगडही त्यांनी तेव्हाच नीट पाहिला.

“माझी काजळाची डबी,” त्या हळूच म्हणाल्या.

माईंनी काठी जमिनीवर टेकली आणि अभिजीतला वर्गातल्या मुलाला विचारावे तसे विचारले, “बारा सातातून सात गेले, राहिले किती?”

“बारा,” अभिजीत म्हणाला. त्याला दुसरे काही म्हणताच आले नाही.

“म्हणजे नजर गेलेल्या माणसानं वेळ बरोबर लावली होती,” माई म्हणाल्या. “डोळ्याचं ऑपरेशन करता येतं. अशी माणसं कुठून आणणार?”

त्यांनी तिथेच ठरवून टाकले. घड्याळ राहील, कारंजे फाटकाजवळ होईल. श्रीपादरावांनी डोळ्याचे ऑपरेशन करून घ्यायचे. तोपर्यंत घड्याळ शैलाबाई लावतील, पण राजरोस, सगळ्यांदेखत. आणि लावायचे ते उन्हावरूनच. शैलाबाईंनी चाचरत सांगितले की मला सावली वाचता येत नाही. माई म्हणाल्या, शिकवणारा घरात आहे.

तो पुढचा दीड महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ. श्रीपादराव डोळ्याला हिरवी पट्टी बांधून बकुळीखालच्या बाकावर बसत. शैलाबाई दगडाजवळ उभ्या राहून सावली कुठे आहे ते सांगत आणि श्रीपादराव तिथूनच त्या दिवसाची मिनिटे सांगत. पहिल्या आठवड्यात शैलाबाई दोनदा चुकल्या, तेव्हा ते रागावले. दुसऱ्या आठवड्यात ते तक्त्यातला आकडा चुकले, तेव्हा त्या हसल्या. पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा आला, श्रीपादरावांना सावलीची कड पुन्हा स्वच्छ दिसू लागली. तरीही पुढे तळघरात कधी एकटे कुणी उतरले नाही. वीज गेली की दोघे मिळून दगडाकडे जात आणि दोघे मिळून माझ्याकडे येत.

त्यानंतर मी चार वर्षे आणखी चालले. कारंजे झाले, लाल आकड्यांचे घड्याळ झाले, गर्दी तिकडे वळली. वीज गेली की मात्र ती दोन्हीही माझ्यासारखीच गप्प होत, त्यामुळे आमचे भांडण कधी झाले नाही. माई मुलाकडे राहायला गेल्या. श्रीपादराव निवृत्त झाले. मागच्या दिवाळीत माझ्या यंत्रातले एक चाक तुटले. ते बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला आहे म्हणे. तेव्हापासून माझे काटे चार वाजून वीस मिनिटांवर उभे आहेत. सहाच्या आकड्याची झुडपे शेळीने खाल्ली. नऊला तर आकारच राहिला नाही. नव्या समितीत कुणीतरी म्हणाले की ही जागा फुकट अडली आहे, इथे गाड्या उभ्या करता येतील. हे ऐकल्यापासून कुणी फावडे घेऊन समोरून गेले तरी माझ्या जिवाचे पाणी होते.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे एक मागणे आहे. बागेत आलात तर माझ्या हिरवळीवर पाय देऊ नका. उरलेल्या आकड्यांना ओंजळभर पाणी घाला, मोठ्या माणसांना सांगा की हे चाक कुठेतरी बनवून मिळेल का ते बघा. आणि आणखी एक. आपल्या घरात कुणाचा काटा मागे पडू लागला, तर तो पाठीमागून गुपचूप पुढे ढकलू नका. त्यात प्रेम असते, हे माझ्याइतके कुणाला माहीत असणार? पण त्या प्रेमाने एक माणूस एकटा पडतो, आणि दुसराही. जवळ जाऊन बसा, आणि विचारा.

काल दुपारी ते दोघे आले होते. आता नोकरी नाही, तरी डबा घेऊन येतात. सतरंजी पसरली. श्रीपादरावांनी जाड भिंगांतून माझ्याकडे पाहिले. चार वीस. माझ्या कठड्यावरून त्यांनी हात फिरवला आणि जन्मात कधी कुणाला वेळ न विचारलेला तो माणूस बायकोकडे वळून म्हणाला, “अगं, किती वाजले?”

शैलाबाईंच्या हातात डब्याचे झाकण होते. ते खाली ठेवून त्या उठल्या आणि दगडापाशी गेल्या. मनगटावर घड्याळ असूनही त्यांनी तिकडे पाहिले नाही. डोळ्यांवर हात धरून त्या सावलीवर वाकल्या.

“नुसतं उन्हाचं सांगू,” त्यांनी तिथूनच विचारले, “की तक्त्यातली मिनिटं घालून?”

“घालून सांग,” श्रीपादराव म्हणाले. “भूक लागलीय.”

त्यांनी वेळ सांगितली. मित्रांनो, मी बंद पडलेले घड्याळ आहे, पण एवढे मला अजून कळते. ती अगदी बरोबर होती.